वाकड्याची चोच आणि नानांची कवळी

आधीच सांगून टाकतो, मी दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर पुढच्या खोलीत बसतात. त्यांना एसी आहे आणि भिंतीवर हसणाऱ्या बाईचं चित्र आहे. मागच्या खोलीत प्लास्टर, मेण, घासायचं मशीन आणि मी. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आत पाठवतात, त्यावरून मी कवळी करतो. पेशंट ती लावून आरशात बघतो, डॉक्टरांचा हात हातात घेतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि निघून जातो. मागच्या खोलीत कोणी डोकावत नाही. बत्तीस वर्षं झाली. तक्रार करत नाहीये, नुसतं सांगतोय.

मला चेहरे लक्षात राहत नाहीत, तोंडं राहतात. रस्त्यात माणूस भेटला तर मी त्याला ओळखणार नाही, पण त्याची जुनी कवळी दुरुस्तीला आली की उलटीपालटी करून सांगतो: हे गृहस्थ उजव्या बाजूनेच चावतात, ह्या बाई दाताने दोरा तोडतात म्हणजे शिवणकाम करतात, आणि हे साहेब दिवसभर दात-ओठ खातात कारण ऑफिसात ह्यांचं कोणी ऐकत नाही. कशाची झीज कशाने झाली हे मला विचारावं. डॉक्टरसाहेबसुद्धा मलाच विचारतात. ही आत्मस्तुती नाही. पुढे ह्याच विद्येचा पोपट होणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवलं.

आता नाना. नाना म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते आणि अजूनही मनाने फिटरच होते. घरातला एकही दरवाजा कुरकुरत नसे. त्यांच्या कानशींची एक लाकडी पेटी होती, नऊ कानशी, प्रत्येकीला वेगळा खण. ती पेटी आईलासुद्धा उघडायची परवानगी नव्हती. नाना डावखुरे, त्यामुळे त्यांच्या कानशीची रेघ इतरांपेक्षा उलटी तिरकी पडायची. लहानपणी मी विचारलं होतं, फिटिंग म्हणजे काय. म्हणाले, "दोन वस्तू एकमेकींना लागून राहिल्या पाहिजेत, पण एकीचा दुसरीला त्रास नको. बस." नाना एवढंच बोलायचे. कौतुक वगैरे प्रकार तर त्यांच्या कारखान्यात बनतच नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी नानांचे उरलेसुरले दात काढले आणि मी त्यांची कवळी केली. तशी कवळी मी आयुष्यात दुसरी केली नाही. त्यांचा तरुणपणचा फोटो समोर ठेवून पुढचे दोन दात मुद्दाम जरासे तिरके बसवले, कारण नानांचे तसेच होते. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ही प्रदर्शनात ठेवा." मी ती दोन दिवस डबीत घालून हिंडलो, गल्लीत सगळ्यांना दाखवली, नको म्हणणाऱ्यांनाही दाखवली. मग नानांनी ती तोंडात घातली, जबडा इकडे-तिकडे केला आणि म्हणाले, "ठीक आहे."

ठीक आहे! बरं, हेही मी गिळलं असतं. पण नाना जेवताना कवळी काढून ठेवायचे. लोक चपला बाहेर काढून घरात येतात, तसे नाना कवळी बाहेर काढून जेवायला बसायचे. माझ्या डोळ्यांदेखत, पाण्याच्या वाटीत. कोणी आलं की लावायची, गेलं की काढायची. मी एकदा तिरकसपणे विचारलं, "नाना, दागिना आहे का तो?" तर म्हणाले, "सवय नाही." मला इतका राग आला की मी तो विषय कायमचा बंद केला. मीही त्यांचाच मुलगा.

आई गेल्यावर नानांचं जेवण कमी होत गेलं. मऊ भात, सूप, पपई, तेही चार घास. दीड वर्षात शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरायला लागली. आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, "वजन असंच उतरत राहिलं तर एखादा साधा खोकलासुद्धा ह्यांना झेपायचा नाही. काहीही करा, पण त्यांना खाऊ घाला." बायकोने काहीही केलं. नानांनी काहीही खाल्लं नाही. ते मागच्या खिडकीत बसायचे आणि आपल्या ताटातली पपई अंगणाच्या भिंतीवर पक्ष्यांना ठेवायचे.

आणि तिथे वाकड्या आला.

वाकड्या म्हणजे बुलबुल. चांगला तुर्रेदार, पण वरची चोच वाढून खालच्या चोचीच्या पुढे आकड्यासारखी खाली वळलेली. कात्रीचं एक पातं वाकलं की दुसऱ्यावर बसत नाही ना, तशी. तो पपईवर बसायचा, मान वाकडी करून चोच मारायचा आणि फोड घसरून भिंतीखाली पडायची. मग तो भिंतीवर बसून गायचा. पोटात काही नाही, तोंड मिटत नाही, आणि गाणं मात्र चालू.

"त्याची फिटिंग बिघडलीय," नाना म्हणाले. पंधरा दिवसांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

त्या दिवशी त्यांनी दुपारची वाटी बाजूला सारली. बायको म्हणाली, "नाना, दोन घास तरी." नाना म्हणाले, "तो तिथं उपाशी बसलाय. त्याच्यासमोर मी काय खाऊ?"

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, तुम्ही हजारो लोकांची तोंडं नीट केलीत. एका पक्ष्याची चोच होत नाही?"

"मी कवळीवाला आहे. पक्ष्याला दात नसतात."

"मग तर काम अर्धंच आहे," ती म्हणाली. तिच्याशी वादात मी कधी जिंकलेलो नाही.

आमचं काही ठरायच्या आत गल्लीला कळलं. शेजारचे हेडसर (निवृत्त मुख्याध्यापक, पण निवृत्त हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही) समुद्रफेसाचा तुकडा घेऊन आले. "पक्षी ह्यावर चोच घासतात. चोच आपल्या नखासारखी सतत वाढते आणि घासून झिजते. ह्याने घासायचा आळस केलाय. शिस्त नाही!" वाकड्याने समुद्रफेसावर शीट केली. समोरचे विमावाले म्हणाले, हा साथीचा रोग आहे, सगळ्या गल्लीतल्या पक्ष्यांना लागेल, खाणं घालणं ताबडतोब बंद करा. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच फाटकावर कागद चिकटवला: वाकड्या चोचीच्या पक्ष्यांना खाऊ घालू नये. सरळ चोचीचे पक्षी हा कागद वाचून येणार होते की काय, कोण जाणे. बायकोने मात्र निमूटपणे पपई ठेवायची जागा रोज गरम पाण्याने धुवायला सुरुवात केली.

मी रजा टाकून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने छापील अर्ज पुढे केला.

"मालकाचं नाव?"

"मालक नाही. तो आपला आपण येतो."

"म्हणजे पाळीव नाही. मग वन्य. वन्य प्राण्यांचं ऑफिस वेगळं. पुढच्या चौकात, पिवळी इमारत."

"बुलबुल वन्य?"

"साहेब, माझ्याकडे दोनच रकाने आहेत."

पिवळ्या इमारतीत दीड तास बसल्यावर साहेब भेटले. वन्य पक्षी पकडणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी मला सुनावलं. मी म्हणालो, मग उपचार कसे करणार? म्हणाले, तुम्ही पक्ष्याला दवाखान्यात न्या. मी म्हणालो, न पकडता? त्यांनी थोडा विचार केला. "परवानगीसाठी अर्ज करा. सोबत पक्ष्याचे दोन फोटो, समोरून काढलेले."

आता समोरून फोटो काढला तर चोच वाकडी आहे हे दिसत नाही, हे मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. ते म्हणाले, नियमात समोरून आहे. तीन दिवस मी मोबाइल घेऊन भिंतीसमोर उकिडवा बसलो. वाकड्या एका बाजूने दिसायचा, दुसऱ्या बाजूने दिसायचा, पाठीमागून तर भरपूर दिसायचा. शेवटी एक फोटो मिळाला. समोरून, कोणतंही व्यंग नसलेला, अगदी तरतरीत बुलबुल. तो बघून साहेबांनी अर्जावर शेरा मारला: पक्षी सुदृढ दिसतो, सबब कार्यवाहीची गरज नाही.

मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. तिथे जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, काही कामाने आलेल्या, स्कूटर काढत होत्या. माझा चेहरा बघून त्या थांबल्या. सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही, बरं का. पण चोचीच्या आत रक्ताची शीर असते. दिव्यासमोर धरली की लालसर दिसते. लाल दिसायला लागलं की थांबायचं. टोकाचं तेवढंच घासायचं." मी आभार मानले. त्या हेल्मेट घालताना म्हणाल्या, "आणि एक. ती परत वाढेल. हे का होतं ते आम्हालाही नीट माहीत नाही. एकदा नीट केली आणि झालं, असलं हे काम नाही. पुन्हापुन्हा बघावं लागतं."

घरी आलो तर नानांनी सापळा तयार ठेवलेला. जाळीचा पिंजरा, वरून सरकणारं दार, दाराला दोरी, दोरी खिडकीतून त्यांच्या बोटाला. कायद्याचं काय, असं मी विचारलं नाही. नानांच्या फिटिंगपुढे कायदा टिकत नाही. पहिल्या दिवशी सापळ्यात विमावाल्यांचं मांजर सापडलं आणि दोन घरांतलं बोलणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी हेडसरांचा हात सापडला. ते समुद्रफेस आत सारायला गेले होते. तिसऱ्या दिवशी वाकड्या सापडला.

खरं तर काम तिथेच, अंगणात करायचं. पण माझ्या डोक्यात व्यावसायिक अभिमान शिरला. घासायचं काम माझं, मशीन माझं, बत्तीस वर्षांचा हात माझा. कानस घेऊन पुढे आलेल्या नानांना मी म्हणालो, "नाना, हे नाजूक काम आहे. लोखंड नाही." नाना कानस घेऊन मागे गेले. ते कसे मागे गेले हे मला आजही दिसतं.

वाकड्याला बुटाच्या खोक्यात घालून मी आमच्या दातांच्या दवाखान्यात नेलं आणि मागच्या खोलीत मशीन सुरू केलं. त्या आवाजाला माणसं घाबरतात, तो तर बुलबुल. मी खोक्याचं झाकण बोटभर उघडलं आणि तो निसटला. दोन चकरा मारून पुढच्या खोलीत गेला आणि खुर्चीवरच्या दिव्यावर बसला. खुर्चीत एक भारदस्त बाई होत्या. डॉक्टरसाहेब मापाचा लगदा तोंडात भरून, "पाच मिनिटं अजिबात हलू नका" असं सांगून हात धुवायला गेले होते. बाई हलल्या नाहीत. फक्त डोळे मोठे करून वरच्या पक्ष्याकडे बघत राहिल्या आणि घशातून एक बारीक सूर काढत राहिल्या. वाकड्याला तो सूर आवडला असावा. त्याने उत्तर दिलं.

डॉक्टरसाहेब परत आले. "हा पेशंट कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

वाकड्या तिथून उडून बाहेरच्या खोलीतल्या पाटीवर बसला. 'कवळी दर दोन वर्षांनी तपासून घ्या. हिरडी झिजते, माप बदलते.' ती पाटी मी स्वतः रंगवलेली, माझ्या अक्षरात. त्याने 'माप बदलते' वर नेमकी शीट केली. सगळे पेशंट हसले, मीही हसलो. टॉवेल टाकून त्याला पकडला, पाटी पुसली आणि डॉक्टरसाहेबांनी मला उरलेला दिवस सुट्टी दिली. मी मागितलेली नव्हती.

घरी येऊन खोकं नानांसमोर ठेवलं. मान खाली घातली म्हटलं तरी चालेल. नाना उठले, पेटीतली सगळ्यात बारीक कानस काढली, शर्टाला पुसली. "तू धर," म्हणाले.

मी वाकड्याला रुमालात धरला. त्याचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं. बायकोने दिवा धरला. चोच उजेडासमोर आली तशी आतली लाल रेघ दिसली. नानांचे हात एरवी पाण्याचा पेला धरतानाही कापायचे. ते त्या क्षणी कापले नाहीत. डाव्या हातात कानस, अगदी लहान लहान फटके, नेहमी एकाच दिशेने, आणि शेवटी कडेला एक हलका हात, म्हणजे कोर बोचायला नको. मध्येच थांबून ते फुंकर मारत होते. मी नानांच्या इतका जवळ कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. वीस मिनिटं आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही आणि मला ते फार बरं वाटत होतं.

सोडल्यावर वाकड्या भिंतीवर बसला, चोच दोनदा उघडली, मिटली. मग पपईवर तुटून पडला. नाना बघत राहिले आणि मग म्हणाले, "सूनबाई, भात आहे का गं?" बायको पळत आत गेली. त्या दिवशी नानांनी पूर्ण वाटी संपवली. कवळी न लावताच, पण त्या आनंदात मी तिकडे दुर्लक्ष केलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. महिन्याभरात चोच पुन्हा वाढली. पुन्हा दोरी, रुमाल, दिवा, कानस. ह्या खेपेला वाकड्याने फारशी धडपडही केली नाही. त्या दोन महिन्यांत नानांचं वजन सव्वा किलोने वाढलं. बायको वजनाचा आकडा शेजारीपाजारी सांगत सुटली. विमावाल्यांनी स्वतः येऊन फाटकावरचा कागद काढला. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या खेपेला वाकड्या आलाच नाही.

नाना दोरी बोटाला बांधून दिवसभर खिडकीत बसायचे. "आज येईल," म्हणायचे. "चोच वाढली असेल त्याची. खाता येत नसेल." खिडकीतून वारा यायचा, आम्ही शाल द्यायचो, ते काढून ठेवायचे. वाटी पुन्हा अर्धीच परत यायला लागली. आणि मग खोकला झाला. साधा खोकला.

इस्पितळात दाखल केलं त्या दिवशी सिस्टरने माझ्या हातात एक पिशवी दिली. "पेशंटची कवळी. इथे हरवेल, घरी न्या." मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आणि सवयीने ती बाहेर काढून उलटी केली. बत्तीस वर्षांची सवय.

आतल्या बाजूला कानशीच्या रेघा होत्या. उलट्या, तिरक्या.

एक-दोन नव्हेत. जुन्या रेघा गुळगुळीत झालेल्या, त्यांच्यावर नव्या, त्यांच्यावर आणखी नव्या. कडेला प्रत्येक ठिकाणी तो हलका हात फिरवलेला. मी ती खिडकीच्या उजेडासमोर धरली. काही ठिकाणी ती इतकी पातळ झाली होती की पलीकडचा उजेड गुलाबी होऊन दिसत होता. मला सगळं एका क्षणात वाचता आलं, कारण मला तेवढंच वाचता येतं. हिरडी बदलत गेली होती, कवळी रुतत होती, आणि माझा बाप अकरा वर्षं, मी कामावर गेल्यावर, पेटी उघडून ती घासत बसला होता. थोडी इथे, थोडी तिथे. दात मात्र कोरे होते, जसे मी बसवले होते तसे. ती लावून एक घाससुद्धा त्यांना चावता आला नव्हता. आणि जगाला दर दोन वर्षांनी माप तपासा म्हणून पाटी रंगवणारा हा शहाणा अकरा वर्षं रुसून बसला होता. मला व्हरांड्यात रडू आलं. सिस्टर म्हणाली, "काका, पेशंट ठीक आहे हो." मी म्हणालो, "हो, पेशंट ठीक आहे."

आत गेलो. "नाना, ही टोचत होती?"

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. "टोचत नव्हती. जरा अडचण व्हायची."

"मग सांगायचं ना! घरात कवळीवाला बसलाय!"

"तू सगळ्या गल्लीत दाखवून आला होतास," नाना म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना दम खावा लागत होता. "माझ्या कामात कोणी खोट काढली की मला चालायचं नाही. म्हटलं, तुलाही चालणार नाही."

मी तिथल्या तिथे ठरवलं. दुसऱ्या दिवशी मापाचं सामान घेऊन गेलो. वॉर्डच्या मुख्य बाई म्हणाल्या, बाहेरची वस्तू पेशंटच्या तोंडात घालता येणार नाही. मी म्हणालो, हा पेशंट माझा बाप आहे. त्या म्हणाल्या, लेखी द्या. मी लेखी दिलं. कवळीवाल्याने स्वतः माप घ्यायचं नसतं, म्हणून डॉक्टरसाहेबांना घेऊन गेलो. ते दवाखाना बंद ठेवून आले. ते आजवर मागच्या खोलीत कधी आले नव्हते, पण इस्पितळात आले. नानांच्या तोंडात लगदा भरून ते म्हणाले, "पाच मिनिटं हलू नका." नानांनी डोळे मिटले आणि माझी करंगळी धरून ठेवली.

तीन दिवस, संध्याकाळची इस्पितळाची फेरी सोडली तर, मी मागच्या खोलीतून उठलो नाही. हिरडीचा साचा हातात आला तेव्हा कळलं, माझ्याकडच्या जुन्या साच्याशी त्याचं काही नातंच राहिलं नव्हतं. पुढचे दोन दात ह्या वेळीही जरासे तिरके बसवले.

ह्या दिवसांत रोज संध्याकाळी नाना विचारायचे, "वाकड्या आला?"

मी म्हणायचो, "आला."

"खाल्लं?"

"पपईची अख्खी फोड."

"चोच?"

"थोडी वाढलीय. तुम्ही घरी आलात की बघू."

मग नाना चार चमचे सूप घ्यायचे. बायको माझ्याकडे बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची. भिंतीवरची पपई रोज तशीच वाळत होती.

कवळी घेऊन गेलो. नानांनी ती तोंडात घातली, जबडा इकडे-तिकडे केला. बायकोने टोस्टचा तुकडा दिला. नानांनी तो चावला. कर्र असा आवाज झाला, आणि तो अख्ख्या वॉर्डात ऐकू गेला असं मला वाटलं. नाना सावकाश चावत राहिले आणि मग म्हणाले, "बसली."

फिटर माणसाच्या तोंडी ह्याच्या वरचा शब्द नाही. मी पन्नाशी उलटलेला माणूस, वॉर्डभर मिठाई वाटायचा बाकी राहिलो. दुसऱ्या दिवशी नानांनी सफरचंदाची फोड खाल्ली. तिसऱ्या दिवशी पूर्ण जेवण. सिस्टरने तक्त्यावर तसं लिहिलंही.

पाचव्या दिवशी सकाळी नाना गेले. कारण वजन नव्हे, जेवण नव्हे, छातीतच काही उरलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच सिस्टरने पुन्हा माझ्या हातात पिशवी दिली. चष्मा, घड्याळ, कवळी. "फार शांत होते हो तुमचे वडील," ती म्हणाली. "काही म्हणून मागितलं नाही कधी. फक्त तो टोस्ट खाल्ला त्या दिवशी तुम्ही गेल्यावर माझी नखांची कानस मागून घेतली. म्हणाले, नख अडकतंय. थोड्या वेळाने पुसून परत दिली."

मी त्याच बाकावर बसलो. कवळी बाहेर काढली आणि उलटी केली.

डाव्या कडेला, अगदी मागे, तीन रेघा होत्या. बारीक, उलट्या तिरक्या, शेवटी एक हलका हात फिरवलेला.

वाकड्या परत आला नाही, हे मी नानांना सांगितलं नाही. कवळी बसली नव्हती, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी "आला" म्हणालो, ते "बसली" म्हणाले, आणि दोघंही एकमेकांच्या शब्दावर चार दिवस जेवलो.

त्या तीन रेघा पॉलिश करून काढणं माझ्या मशीनवर एका मिनिटाचं काम आहे. मी काढलेल्या नाहीत. कवळी कानशींच्या पेटीत, दहावा खण करून, त्यात ठेवली आहे. भिंतीवर पपई अजून ठेवतो. आता कुस्करून ठेवतो, म्हणजे चोच कशीही असली तरी खाता यावी.